वही सातवी, पान एकतीस

४ फेब्रुवारी

ती. आत्या,

पत्राच्या सुरुवातीला काय काय लिहायचं असतं ते तू मला तिसरीत शिकवलं होतंस, पण ‘सा. न. वि. वि.’ म्हणजे नेमकं काय ते मला तेव्हाही कळलं नव्हतं. तेव्हा मी वाकून नमस्कार केला असं समज आणि पुढे वाच. फोन केला की तू ‘बरी आहे, ठेवते’ म्हणून ठेवतेस, म्हणून पत्र. शिवाय सोबत एक चित्र आहे.

माझ्या नव्या नोकरीबद्दल तू बाबांना विचारलंस आणि त्यांनी ‘कॉम्प्युटरमध्ये चित्रं घालते’ असं सांगितलं म्हणे. अगदीच खोटं नाही ते. आपण ‘क’ टाइप केला की कुठल्याही कॉम्प्युटरवर ‘क’च उमटतो, कारण ‘क’ला एक क्रमांक ठरवून दिलेला आहे. ज्या अक्षराला क्रमांक नाही, त्याच्या जागी नुसता रिकामा चौकोन दिसतो. तुम्ही ज्या जुन्या देवळा-थडग्यांच्या भिंतींवरची अक्षरं उतरवून काढायचात ना, त्या चित्रलिपीची हजारो चिन्हं अजून अशी बिनक्रमांकाची आहेत. आम्ही सातजण एकेक चिन्ह घेतो, ते कुठे कोरलेलं आहे याचा पुरावा शोधतो, एका ओळीत त्याचं वर्णन लिहितो आणि समितीपुढे ठेवतो. समितीला पटलं की क्रमांक. मग ते चिन्ह कायमचं.

गेला आठवडा बसलेल्या माणसांवर गेला. बसलेली माणसं नव्वद! हा आणि तो एकच की वेगळे, यावर दोन दिवस कडाक्याचं भांडण झालं. एकाचा गुडघा जरा वर होता एवढंच.

आणि मग मंगळवारी जुन्या पाहणीच्या वह्या स्कॅन होऊन आल्या. वही सातवी, पान एकतीस उघडलं आणि मी खुर्चीतून उठलेच. ‘ळ’ची शेपटी एवढी वर नेणारी बाई जगात एकच आहे! आत्या, तुझी वही! ऑफिसात सगळ्यांना दाखवत सुटले.

त्याच पानावर एक चिन्ह आहे, त्याची प्रत सोबत पाठवते. एक बाई गुडघ्यांवर बसली आहे, समोर पाठमोरं मूल, आणि बाईचे दोन्ही हात मुलाच्या केसांत. हे चिन्ह दुसरीकडे कुठेच नाही. तुमच्या पाहणीच्या मोठ्या साहेबांनी छापलेल्या ग्रंथात त्याच ओळीत, त्याच जागी, साधी बसलेली बाई आहे. मूल नाही. भिंतीला लोणा लागून तिचे पापुद्रे कधीच गळून गेले, त्यामुळे जाऊन बघायची सोय नाही. आमचा नियम असा की एकट्या वहीवर क्रमांक मिळत नाही, दुसरा साक्षीदार लागतो. निदान तू तरी सांग, बरोबर कोण, तू की ग्रंथ? समिती जूनअखेर बसते.

तुझी,
ठमी


१५ फेब्रुवारी

चि. ठमे,

तू वाकून नमस्कार केलास असं समजले. तुझी कंबर बघता, समजण्याइतकंच ते शक्य आहे.

पत्र आलं, फार बरं वाटलं. तुमच्या नव्वद माणसांवरून एवढं भांडू नका. एक मांडी घालून बसतो, एक उकिडवा, एक गुडघे टेकून, एक गुडघा उभा धरून, आणि एखादा फतकल मारून. आपल्याकडे शब्द आहेत, तेच वापरा. जिथे शब्द संपतात तिथे चिन्हही बहुतेक तेच असतं. परांचीवर बसून मी हाच हिशेब लावायची.

माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडून विचारलं, काय दिसतं? मी म्हटलं, तुमच्या भिंतीला रंग द्यायला झालाय. शेजारीण रोज येऊन थेंब घालते आणि घालताना स्वतःच डोळे मिटते, त्यामुळे निम्मे थेंब गालावर पडतात. शाळेतल्या माझ्या जुन्या मुली अधूनमधून येतात. त्यांतली एक आता स्वतःच चित्रकला शिकवते आणि माझ्यासारखीच खेकसते म्हणे.

राहिलं पान एकतीस. ते काढून टाक. साहेबांनी छापलं तेच धर. माझं बघण्यात चुकलं असेल. चारच्या सुमाराचा उजेड फसवा असतो.

तू पाठवलेलं चित्र परत पाठवते आहे. घरात आधीच कागदांचा पसारा फार.

बाबांना सांग, पायाला तेल लावत जा.

आत्या


२६ फेब्रुवारी

ती. आत्या,

थेंब गालावर नको, डोळ्यात घाल. शेजारणीला सांग, मी दम दिलाय म्हणून.

तू म्हणालीस तसं ते चिन्ह मी यादीतून खोडलं. खुद्द काढणारीच ‘चुकलं’ म्हणते म्हटल्यावर प्रश्नच मिटला. आमच्या प्रमुख बाई म्हणाल्या, इतका प्रामाणिक साक्षीदार आजवर भेटला नव्हता. मला जरा वाईट वाटलं, पण तुझं कौतुकही वाटलं. मी असते तर माझंच खरं म्हणून बसले असते.

बाकी एक गंमत, म्हणजे गंमत नाही, संतापच. वह्यांबरोबर त्या पाहणीची फाइलही आली आहे. तीत साहेबांच्या अक्षरात एक शेरा आहे. तसाच उतरवते: ‘रेखाटनकार बाई निरीक्षणापेक्षा कल्पनेवर अधिक विसंबतात. वैयक्तिक आयुष्यातील उणीव रेषेत उतरते. पुढील हंगामासाठी घेऊ नये.’ बघ तरी! कुणा बिचारीच्या पोटावर पाय दिला, आणि वर ही भाषा. कोण गं ही? तुझ्याबरोबर आणखी एखादी होती का? तू तर आजीच्या आजारपणामुळे सोडलंस, म्हणजे हे तुझ्या आधीचं की नंतरचं? तिचं नाव कळलं तर तिच्या वह्या मी मुद्दाम काढून बघणार आहे.

तुझी,
ठमी


६ एप्रिल

चि. ठमे,

तुझी मागाहून आलेली दोन्ही कार्डं मिळाली. आजारी नाही. रागावलेही नाही. पाच आठवड्यांत हे पत्र चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा पहिल्याच ओळीवर थांबले. आता लिहूनच टाकते.

ती बाई मी.

आई त्या वर्षी आजारी होती हे खरं, पण ती अंथरुणाला पडली पावसाळ्यानंतर. मी घरी आले होते त्याच्या आधीच. आजारपण आयतं मिळालं, म्हणून सगळ्यांना तेच सांगितलं. तुझ्या बाबालाही.

आता पहिल्यापासून सांगते. ती खोली आतल्या अंगाला होती, अंधारी. दिव्याच्या उजेडात भिंत सपाट दिसायची. म्हणून आमचे ठसेवाले, एकटेच होते ते, बाहेर दारात आरसा धरून उभे राहायचे आणि उन्हाचा पट्टा आत सोडायचे. ठसेवाले म्हणजे भिंतीवर ओला कागद थापून, ब्रशने ठोकून, वाळला की सोलून काढणारे. दगडाचा खळगा न् खळगा त्या कागदावर येतो. एके दिवशी चार वाजून दहा मिनिटांनी तो पट्टा असा आडवा आला, की साध्या बसलेल्या बाईच्या पुढ्यात कोरीव काहीतरी उठून दिसलं. साताठ मिनिटं दिसलं असेल. मी काढून घेतलं आणि परांचीवरून जवळजवळ उडी मारूनच खाली उतरले. घाईने नव्हे गं, आनंदाने. आपण पहिल्यांदा काहीतरी बघितलं, असं आयुष्यात किती वेळा होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी ठसेवाल्यांनी ठसा घेतला. त्यानंतर साहेब आले, समोरून कंदील धरून बघितलं. त्यांना काही दिसलं नाही. संध्याकाळी सगळ्यांची बैठक होती. मी म्हटलं, साहेब, आहे ते, काळ्या दगडावरची रेघ! साहेब म्हणाले, ‘दगड पांढरा आहे, बाई.’ सगळे हसले. इथवर मीही हसले असते. मग ते म्हणाले, ‘लग्न नाही, मूल नाही, म्हणून यांना दगडातसुद्धा मूल दिसतं.’ आणि पुन्हा सगळे हसले.

ठसेवाले हसले नाहीत. पण साहेबांनी त्यांना विचारलं, ठशात काय आलंय? तर ते म्हणाले, ‘मी ठसा घेतो साहेब, वाचत नाही.’ बस. एवढंच बोलले. मी दुसऱ्या दिवशी सामान बांधलं.

ग्रंथ छापून आला तेव्हा दुकानात उभ्याने ती ओळ शोधली. साहेबांनी ‘ध’चा ‘मा’ करून ठेवला होता.

तू विचारशील, मग ‘चुकलं असेल’ असं का लिहिलंस? कारण ठमे, एक्केचाळीस वर्षं झाली. पहिली दहा मला खात्री होती. मग एखाद्या दिवशी वाटायचं, खरंच दिसलं होतं, की दिसावंसं वाटलं होतं? आता तर मला आठवतं ते भिंतीवरचं की माझ्याच वहीतलं, हे मी सांगू शकत नाही. ज्याची खात्री नाही ते यादीत घालू नये. तुमच्या प्रमुख बाईंना वाटलं तसा हा प्रामाणिकपणा नाही, थकवा आहे.

ठशाचं काय झालं, मला माहीत नाही. त्या माणसाला काही विचारू नकोस. माझ्या गळ्याची शपथ वगैरे घालत नाही, पण नको.

आत्या


१२ एप्रिल

आदरणीय काका,

आपली ओळख नाही. निवृत्तांच्या यादीतून आपला पत्ता मिळाला. पूर्वीच्या पाहणीत सातवी वही ज्यांनी काढली, त्या माझ्या आत्या. मी सध्या त्या लिपीतल्या चिन्हांना कॉम्प्युटरसाठी क्रमांक मिळवून देण्याच्या कामावर आहे. सातव्या वहीतल्या एका चिन्हाला पुरावा हवा आहे. आपण त्या भिंतीचा ठसा घेतला होता. संग्रहालयाच्या कपाटांत तो नाही. सगळी उघडून पाहिली. तो कुठे गेला, आपल्याला आठवतं का?

आत्याने आपल्याला लिहू नकोस असं सांगितलं होतं. तरी लिहिते आहे, हेही आपल्याला माहीत असावं.

आपली,
(सातव्या वहीची भाची)


२९ एप्रिल

ताई,

तुमचं पत्र मिळालं. मला लिहायची सवय नाही, समजून घ्या. सही केली की माझं लिहिणं संपायचं.

ठसा माझ्याकडे आहे.

त्या बैठकीनंतर साहेब म्हणाले, याची गरज नाही, रद्दीत टाका. मी पत्र्याच्या नळकांड्यात घातला आणि घरी आणला. तीन घरं बदलली, नळकांडं प्रत्येक घरात कपाटावर राहिलं. बायको विचारायची, काय आहे त्यात? मी म्हणायचो, कामाचं आहे. तिला जाऊन सहा वर्षं झाली. ती भली होती, पुन्हा विचारलं नाही.

मी ते एकदाही उघडलं नाही. तुम्हाला पटणार नाही, पण खरं आहे. आरसा धरणाऱ्याला आतलं दिसत नाही, आणि ठसा घेताना कागद ओला असतो, हाताला नुसता चिखल लागतो. म्हणून मी ‘वाचत नाही’ म्हणालो ते खोटं नव्हतं. पण ‘उघडून बघू या, साहेब’ एवढं म्हणता आलं असतं. मूल असेल तर मी भ्याड ठरतो, आणि नसेल तर त्या खोट्या ठरतात. दोन्ही मला नको होतं. म्हणून नळकांडं बंद राहिलं. माझी नोकरी नवीन होती, हेही कारण आहे, पण ते मी स्वतःला फार वर्षं सांगितलं, आता तुम्हाला सांगत नाही.

आमचं दोघांचं ठरत आलं होतं. हे त्यांनी तुम्हाला सांगितलं नसेल तर माझ्याकडून ऐकलं नाही असं समजा.

नळकांडं पार्सलने पाठवतो आहे. कागद कडक झाला असणार, घाई करू नका. दमट हवेत ठेवून मग उलगडा. उजेड बाजूने, खालून द्या. समोरून देऊ नका.

त्यांची तब्येत कशी आहे?

ठसेवाला


२० मे

ती. आत्या,

आधी कान पकडते. तू नको म्हणालीस आणि मी ठसेवाल्या काकांना लिहिलं. त्यांचं पत्र सोबत वेगळ्या पाकिटात घातलंय. न वाचता परत पाठवलंस तरी चालेल. पण माझं हे पत्र मात्र शेवटपर्यंत वाच.

ठसा त्यांच्याकडेच होता, एक्केचाळीस वर्षं, न उघडलेला. शेजारच्या खोलीत जुने कागद दुरुस्त करणाऱ्या बाई आहेत, त्यांनी तो दमट पेटीत दोन दिवस ठेवला. गेल्या आठवड्यात एका सकाळी अकरा वाजता आम्ही दोघींनी मिळून तो बोटभर, बोटभर उलगडला. पिवळा पडलाय, कोपऱ्याला उंदराने थोडा चाखलाय, बाकी अख्खा आहे. पडदे ओढले, टेबलाच्या कडेला दिवा ठेवला आणि मी तो हळूहळू खाली आणत गेले. आधी बाई दिसली. मग दिवा आणखी खाली आणला.

आहे, आत्या. मूल आहे. पाठमोरं, मान जरा वर केलेली, ओढलं की आपण करतो तशी. टाचासुद्धा आहेत. तू काढल्या होत्यास तशाच, दोन.

मी तिथेच रडायला लागले. कागदवाल्या बाई म्हणाल्या, रडायचं तर लांब जाऊन रड, कागद भिजेल.

आणि आता ऐक, तुझी एक चूक सापडली. बाईचा डावा हात केसांत नाही. त्या हातात आकडा आहे. एक बट वर उचलून तिने आकड्यात अडकवून धरली आहे, म्हणजे खालच्या केसांची वेणी नीट घालता येईल. तू हात काढलास, आकडा सोडलास! चिन्ह बोटाएवढं, त्यात तो आकडा खसखशीएवढा, तेव्हा माफ. प्रमुख बाई म्हणाल्या, जिच्या हातात आकडा आहे तिला यादीतला आकडा द्यायलाच हवा.

आमच्याकडचे ती लिपी वाचणारे सर त्या ओळीवर तीन दिवस बसले होते. साहेबांनी ती ओळ बायकांच्या नावांची यादी म्हणून लावली होती, कारण शेवटी साधी बसलेली बाई आली की आधीचा शब्द बाईचं नाव ठरतो. आता शेवटी वेणी घालणारी बाई आली, तर तो शब्द नाव राहत नाही, क्रियापद होतं. ओळ अशी वाचली जाते: आई लेकीची वेणी घालते आहे. इतकंच. ज्यांचं ते थडगं, त्या घरातली लेक लहानपणीच गेलेली होती असं दुसऱ्या भिंतीवरून माहीत होतं. आईने काय कोरून घेतलं, ते आजवर कुणाला माहीत नव्हतं.

माझ्या सहीने खोडलेली ओळ मी माझ्याच सहीने परत यादीत घातली आहे. खाली कारण लिहायचं असतं. मी लिहिलं, ‘खोडताना घाई केली’. आता समितीला ठशाचे फोटो (तुलाही सोबत पाठवते आहे) आणि एक स्वच्छ रेखाटन हवं. ऑफिसातला चित्रकार काढून देईल. तुला चालेल ना?

तुझी,
ठमी


६ जून

चि. ठमे,

नाही चालणार. रेखाटन मी काढलंय. सोबत आहे.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी तुझ्यावर संतापले. ते अर्धा तास टिकलं. मग दाराची कडी लावून रडले. मग पुन्हा वाचलं, आकड्यापाशी आले आणि अशी हसत सुटले की शेजारीण थेंब घेऊन धावत आली. गं बाई, आकडा! साताठ मिनिटांत मी टाचा मोजत बसले आणि बाईच्या हातात काय आहे ते बघितलंच नाही.

तू पाठवलेले फोटो खिडकीत ठेवून भिंगाने बघितले. हात आता कापतो. एकेक रेघ श्वास धरून ओढावी लागते. नऊ दिवस लागले, अठरा कागद गेले. हा एकोणिसावा. तुमच्या चित्रकाराला सांग, उजेड डावीकडून वरून येतो असं धरायचं, म्हणजे उजवीकडची आणि खालची रेघ जाड. हल्ली हे कुणी पाळत नाही.

साहेब म्हणाले होते, हिला मूल नाही म्हणून मूल दिसतं. ते वाक्य इतकी वर्षं माझ्या अंगात काट्यासारखं राहिलं. परवा काढता काढता मला एक आठवलं, ते तुला सांगते. मला त्या दिवशी मूल आधी दिसलंच नव्हतं. आधी हात दिसला. कामात असलेला हात. तो ताणलेला होता, आणि मी म्हटलं, रिकामा हात असा ताणलेला नसतो, पुढे काहीतरी असलं पाहिजे. मग मी पुढे शोधलं. मी काम करणारी बाई, मला काम करणारा हात दिसला. उणीव कसली आलीय त्यात?

एक अट आहे. पुराव्याच्या रकान्यात आधी ठसा लिहायचा, आणि तो कुणी घेतला तेही. माझी वही दुसऱ्या नंबरवर. आधी त्यांचं नाव घालशील तरच हे रेखाटन वापर.

त्यांचं पत्र वाचलं. उत्तर लिहायचं की नाही, अजून ठरवलेलं नाही.

आत्या


३० जून

ती. आत्या,

झालं! काल दुपारी समितीपुढे आपलं चिन्ह आलं. एक सदस्य अडून बसले, एकदाच सापडलेल्या चिन्हाला क्रमांक कशाला म्हणून. मी उभी राहिले आणि काय बोलायचं ठरवलं होतं ते सगळं विसरले. म्हटलं, साहेब, ते एकदाच कोरलं होतं, म्हणून तर ते जपायचं. शंभरदा कोरलेलं स्वतःच स्वतःला जपतं. मग प्रमुख बाईंनी ठशाचा फोटो आणि तुझं रेखाटन शेजारी शेजारी पडद्यावर टाकलं. मग मतं घेतली. अकरा विरुद्ध दोन. अडून बसलेलेही अकरांत आले.

वर्णन असं मंजूर झालं: ‘गुडघ्यांवर बसलेली बाई, पुढ्यातल्या मुलाची वेणी घालताना, डाव्या हातात आकडा’. पुरावा: ठसा, त्याखाली काकांचं नाव, मग वही सातवी, पान एकतीस, त्याखाली तुझं. दोघांची नावं एकाखाली एक आहेत, फॉर्मच तसा आहे, माझा काही हात नाही.

फॉन्टमध्ये यायला अजून दीड-दोन वर्षं लागतील. तोवर तो क्रमांक टाइप केला तर रिकामा चौकोनच दिसणार. मी आज सकाळपासून चार वेळा टाइप करून तो चौकोन बघून आले.

फाइलमधल्या त्या शेऱ्याचं काय करायचं, असं प्रमुख बाईंनी विचारलं. मी म्हटलं, फाडायचा नाही. त्याच्या मागे ठशाचा फोटो टाचून ठेवला आहे. पुढे ज्याला तो शेरा वाचायचा असेल, त्याला पान उलटावं लागेल.

बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘ती घरी आली तेव्हा मी तिला एकदाही विचारलं नाही.’ येत्या महिन्यात ते तुझ्याकडे यायचं म्हणताहेत. येऊ दे.

तुझी,
ठमी


२१ जुलै

चि. ठमे,

तुझं पत्र शेजारणीने मोठ्याने वाचून दाखवलं, मग मी तिला वाचून दाखवलं. अकरा विरुद्ध दोन! ते दोघे कोण ते सांगू नकोस, मी उगीच त्यांना शिव्या देत बसेन.

तुझा बाबा येऊन गेला. दोन दिवस राहिला, एकही प्रश्न विचारला नाही, पण स्वयंपाकघरातला गळणारा नळ, बाहेरची कडी आणि माझी खुर्ची दुरुस्त करून गेला. आमच्या घरात बोलणं असं चालतं.

आता खरं सांगायचं ते. मी त्यांना उत्तर लिहिलं होतं. चारच ओळी. तब्येत बरी आहे, ठशाबद्दल आभार, तुम्ही तो कधी बघितलाच नाहीत असं कळलं, फोटो माझ्याकडे आहेत, बघायचे असतील तर या. मला वाटलं येणार नाहीत. काल सकाळी साडेदहाला दारात उभे! काठी, पांढरा सदरा, आणि डोक्यावर एक केस नाही. मी ओळखलं ते उभं राहण्यावरून. आरसा धरून तासन्तास उभं राहायची सवय असलेला माणूस वेगळाच उभा राहतो.

चहा झाला. पाऊसपाण्याचं बोलून झालं. त्यांची मुलगी, जावई, माझे डोळे, सगळं झालं. मग मी टेबलावर फोटो मांडले आणि भिंग हातात दिलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि बघत बसले. मी आत जाऊन कप विसळून आले तरी बघतच होते. शेवटी म्हणाले, ‘आहे.’

मी म्हटलं, ‘हो, आहे.’

‘तुम्ही म्हणाला होतात.’

‘हो, म्हणाले होते.’

मग ते म्हणाले, ‘त्या दिवशी मी एवढंच म्हणायला हवं होतं, की उघडून बघू या, साहेब. चार शब्द. नाही म्हणता आले.’ आणि भिंग खाली ठेवून, माझ्याकडे नीट बघून त्यांनी माफी मागितली. आडवळणाने नाही, सरळ. या वयाचा पुरुष सरळ माफी मागतो हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

मी म्हटलं, विचार करून सांगते. ते म्हणाले, करा, मी बसतो. मग आम्ही जेवलो. मग त्यांना माझ्या शाळेतल्या मुलींची चित्रं दाखवली. त्यांची गाडी चारची होती, त्यामुळे विचार साडेतीनच्या आत संपवून ‘माफ केलं’ म्हणावं लागलं.

आत्या